डाव्या हाताचं तेल

खाजेला आमच्या गल्लीत तीन शब्द आहेत.
बाबा म्हणतात दुरद, तेलुगूत.
समोरच्या बसम्मा म्हणतात तुरिके.
आणि सिव्हिलच्या केसपेपरवर
एक वळवळणारी ओळ,
तिच्याखाली दर खेपेला तीच ट्यूब.

अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यात
मल्लेशम गुंडेटी, रंगखातं, एकतीस वर्षं.
सोडा, मीठ, कढत पाणी.
हातमोजे एकदा दिले होते,
फाटले, मग गेले ते गेलेच.
बोटांच्या बेचक्यात भेगा,
नखांच्या कडेला फिरोजी रेघ,
जी माझ्या मुंजाळलेल्या बारशाच्या फोटोतसुद्धा आहे.
रात्री दोनला पत्र्याखाली एकच आवाज,
नखांचा.
आई कुशीवर वळून तो मोजायची,
दिवसभर बिड्या मोजायची तशी,
पंचवीस पंचवीसचे कट्टे करून.

मी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत
काळ्या कुड्याची पानं वाळवते.
बोरामणीच्या पुढे, एका बांधावरचं झाड.
पान तोडलं की दूध येतं.
खोबरेलात घालून उन्हात ठेवलं
की तेल जांभळं होतं,
कुणी काही टाकत नाही त्यात.
ऊन तर आपल्याकडे फुकट.

मग काचेची उभी नळी.
वरून ओतलेला अर्क पट्ट्यापट्ट्यांनी उतरतो,
आधी हिरवा, मग निळा,
मागून रेंगाळत तांबूस जांभळा.
त्याचं नाव इंडिरुबिन,
निळीचा सख्खा भाऊ.
बशीतल्या पेशी भडकवल्या, त्याचा थेंब दिला,
तर त्या जरा शांत होतात.
जरा. बशीत.
या दोन शब्दांखाली सर मला रेघ मारायला लावतात.

रंगानं नासलेल्या हाताला रंगाचंच झाड,
हे बाबांना सांगितलं तेव्हा
ते हसले नाहीत.
म्हणाले, "पक्का का कच्चा?"

घरी दोन बाटल्या ठेवल्या.
उजव्या हाताला जांभळं,
डाव्याला नुसतं खोबरेल.
सहा आठवडे, रोज सकाळी फोटो,
आईच्या बिडीच्या सुपात दोन्ही हात,
मध्ये माझी शाळेतली पट्टी.
"काय करलालीस गं," आई म्हणायची,
"तंबाखू सांडंल."

चौथ्या आठवड्यात
दोन्ही हात सारखेच निवळले.
मी उजेड तपासला, कॅमेरा तपासला,
खोबरेलालाच श्रेय द्यायच्या बेतात होते,
तेवढ्यात उशीच्या डाव्या अंगाला
तळव्याएवढा डाग दिसला.
जांभळा.

"बाबा, डाव्याला लावलंत?"

ते बराच वेळ चहाच्या कपात बघत राहिले.
"आठ दिवस नाही लावलं, तू सांगितलीस म्हणून.
पण रात्री उजवा झोपायचा
आणि हा डावा जागा.
त्यानं काय घोडं मारलंय?
दोघांनी मिळूनच पिळलेत की टॉवेल."

मी वहीवर आडवी रेघ मारली,
निरीक्षणे रद्द.
सरांनी कारण विचारलं.
तुलनेसाठी घेतलेला हात, मी लिहिलं,
सहकार्य करत नाही.

शिमगा झाला, ऊन चढलं,
घामानं उजव्या मनगटावर पुन्हा चार पुळ्या.
म्हणून बरं झालं असं मी कुणाला सांगत नाही.
बसम्मांनी बरणी मागितली नातवासाठी,
तीही दिली नाही,
आणि दारातून त्या परतल्या
तशी मी बराच वेळ वाईट दिसत होते मलाच.

आज मोरीत बाबा ती खोळ धुतायत.
साबण झाला, सोडा झाला, आता कढत पाणी.
उजेडाकडे धरतात,
अंगठ्यानं डाग चोळतात,
पुन्हा धरतात.
"उतरेना," म्हणतात,
पोराचा निकाल सांगावा तसं,
"पक्काय."

आणि आतून आई ओरडते,
"उघड्या हातानं सोड्यात?
मोजे घाला की आधी!"